मका गेला, बिल राहिलं

मी चिपळूणची. कोकमाचं सरबत, आगळ आणि आमसुलं असा आमचा घरगुती कारखाना आहे. कारखाना हा शब्द माझ्या नवऱ्याचा. मी त्याला पडवी म्हणते. सरबताच्या बाटल्या पुण्यातल्या दुकानांत जातात आणि पैसे त्यांच्या मागून रमतगमत, दोन-दोन महिन्यांनी येतात. रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, विकणारा मात्र टोपली खाली ठेवायच्या आधी हात पुढे करतो. या दोघांच्या मधल्या काळात कसं तगायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून वसतिगृहातली माझी जुनी मैत्रीण मंगल फोनवर म्हणाली, "अगं, आमची कंपनी बिलावर पैसे देते. माल गेला, बिल झालं, की लगेच पैसे. घेऊ नकोस, पण बघायला तरी ये," तेव्हा मी दिवाळीनंतरचे काही दिवस मोकळे केले आणि बारामती गाठली. घरी 'व्यवसायाची पाहणी' असं सांगितलं. नवरा म्हणाला, "गप्पा मारायला चाललीस असं म्हण की."

दोन्ही खरं होतं.

जळोची

मंगल मूळची इंदापूर तालुक्यातल्या कळंबची आणि लग्नानंतर बारामतीला लागून असलेल्या जळोचीची. तिच्या घराच्या एका खिडकीतून ऊस दिसतो आणि दुसरीतून नवी उंच इमारत. इमारत दरवर्षी उसाकडे सरकते आहे. मंगलचा नवरा दोन्हींकडे सारख्याच समाधानाने बघतो, कारण ऊस त्याचा आहे आणि इमारतीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे.

मंगल आधी एका पतसंस्थेत होती. आता छोट्या व्यापाऱ्यांना आणि शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांना बिलावर उचल देणाऱ्या कंपनीसाठी तालुकाभर फिरते. तिच्या स्कूटीच्या डिकीत रेनकोट, शेंगदाण्याची चटणी आणि फोनचे दोन चार्जर असतात. "बाकी सगळं फोनमध्ये," ती म्हणते.

आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारतात आणि उत्तराची मनापासून वाट बघतात. इथे विचारत नाहीत. चहा येतो, त्यात साखर विरघळायला जागा नाही इतकी असते, आणि कप रिकामा ठेवला की परत भरतो. साखर पिकवणाऱ्या मुलखात चहा फिका मागणं म्हणजे यजमानाच्या शेतीवर शंका घेणं. मी पहिल्या दिवशी ती घेतली. मंगलच्या सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "शुगर हाय व्हय गं?"

रात्री माझ्या खास मानासाठी मासे केले होते. कोकणातली बाई आली म्हणून मंगलच्या नवऱ्याने भिगवणहून उजनी धरणातली चिलापी आणली होती. आम्ही समुद्रावरची माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणताना जरा अडखळतो. त्यात रश्शाला कोकमाऐवजी चिंच. सगळं घर जेवायचं थांबवून माझ्या पहिल्या घासाकडे बघत होतं. मी म्हटलं, "छान आहे." मग दुसरा घास घेतला आणि कळलं, की खरंच छान आहे. पण तोपर्यंत सगळ्यांनी ते माझं सौजन्य समजून मान डोलावली होती. पुढे कितीही तोंडभर कौतुक केलं तरी कुणी विश्वास ठेवला नाही.

बारामती

दुसऱ्या दिवशी मंगलच्या मागे स्कूटीवर बसून बाजारपेठ पाहिली. मंगलचं हेल्मेट लांबून दिसलं की दुकानदारांचे दोन प्रकार होतात. एक प्रकार चहा सांगतो. दुसरा प्रकार एकदम आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जातो. मंगल दुसऱ्या प्रकाराच्या दुकानात जास्त वेळ बसते.

तांबोळी भाभी पहिल्या प्रकारातल्या. त्यांचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. मी उंबरठा ओलांडला आणि शिंकायला लागले ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. भाभी शांतपणे म्हणाल्या, "पैल्यांदा आलेला प्रत्येक साहेब असाच रडतो. बँकेचे साहेब तर दारातूनच गेले. म्हणाले, पाहणी झाली."

मी बाहेरच्या बाकावर बसून त्यांची गोष्ट ऐकली. मसाला शहरातल्या खानावळींना जातो, खानावळी महिन्याने पैसे देतात आणि मिरचीवाला रोख मागतो. बचत गटातून मिळत होतं ते त्यांच्या मिरचीला पुरेना. बँकेत गेल्या, तर बँकेला त्यांची गरज फार लहान वाटली आणि वर तारण म्हणून घराचा उतारा हवा होता. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे वरती. "गटाला मी लई मोठी, बँकेला लई बारीक," भाभी म्हणाल्या. "माझ्या मापाचं दुकानच नव्हतं कुठं."

मला माझी पडवी आठवली. मीही याच मापाची होते.

आता भाभी खानावळीचं बिल फोनवरून पाठवतात, खानावळवाला 'होय, माल मिळाला' असं फोनवर कबूल करतो आणि बिलातली बहुतेक रक्कम भाभींच्या खात्यात येते. कंपनी आपला आकार कापून घेते. आकार काही थोडाथोडका नाही. भाभी त्याला 'मंगलताईची मिरची' म्हणतात.

"आणि खानावळवाल्याने पैसे दिलेच नाहीत तर?" मी विचारलं.

मंगलने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "तर मग भाभींकडून घ्यायचे."

"म्हणजे शेवटी भाभीच."

"शेवटी भाभीच," मंगल म्हणाली. "तू फार अवघड प्रश्न विचारतेस. शिंक बघू परत."

संध्याकाळी परत येताना तिने आपलं खरं दुखणं सांगितलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत तिने कितीतरी लोकांना हे पटवून दिलं होतं, पण कळंबला तिचा सख्खा चुलता बसला होता आणि तो ऐकत नव्हता. "तात्या मक्याचा व्यापार करतात. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. तात्यांनी मेंढरं विकून काटा घेतला. आता यंदा अडलेत, पण कबूल करायचे नाहीत. उद्या तू चल. तुझ्यासमोर ते माझ्यावर ओरडणार नाहीत."

म्हणजे मला मासे खाऊ घातले होते ते कशासाठी, तेही कळलं.

कळंबच्या वाटेवर

वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं. तिथे रेल्वे कुठे दिसली नाही. भेळ मात्र उत्तम मिळाली. पुढे वालचंदनगर. कारखान्याची वसाहत, एका मापाची घरं, रस्त्यावर जुन्या झाडांची सावली. वाटलं, कुणीतरी मोजपट्टी लावून गाव आखलं आणि मग त्यात माणसं ठेवली. तिथून थोडं पुढे कळंब, आणि तिथे मोजपट्टीचं काम संपतं. ऊस, पेरूची बाग, मका, मध्येच घर, घरापुढे गाय, गायीपुढे परत ऊस.

माझ्यासारख्या चढउताराच्या माणसाला ही सपाटी सुरुवातीला चुकल्यासारखी वाटते. नजर टाकली तर ती अडतच नाही, कुठल्या कुठे निघून जाते.

कळंब

तात्या सत्तरीच्या पुढचे, उंच, काटकुळे. चेहरा असा, की त्यावर काही उमटलंच तर ते आतल्या आत. पत्र्याच्या शेडमध्ये काटा, रिकामी बारदानं आणि एक बाज. बाजेवर एक मध्यमवयीन गृहस्थ चहा पीत बसले होते. तात्यांनी ओळख करून दिली, "ह्यो शहाजी. वरल्या अंगाला ह्याची जमीन हाय."

मी घरून आणलेली भेट दिली: आगळाची मोठी बाटली. आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट, खारट रस. चमचाभर घेऊन पाण्यात मिसळायचा. हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांच्या बायकोने, काकींनी, पेला भरला आणि तात्यांनी तो एका दमात रिकामा केला. तात्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "तुमच्याकडं मीठ स्वस्त हाय."

त्यानंतर ते एकामागून एक तीन तांबे पाणी प्यायले, पण बाटलीबद्दल वाईट शब्द काढला नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. शहाजीलाही आग्रह झाला. तो "घरनं खाऊन आलोय" म्हणाला आणि परत चहा घेतला. काकी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी येतंय बिचारं. मक्याचं पैसं ऱ्हायल्यात त्याचं. पर त्वांडानं मागत न्हाय. चा पितंय आन जातंय. मागितलं असतं तर बरं झालं असतं गं. ह्यांनी त्याला बगून जेवण सोडलंय."

मग सगळं उलगडलं. तात्या गावातला मका घेतात आणि कोंबडीखाद्याच्या एका कारखान्याला घालतात. कारखाना चांगला, पैसे बुडवत नाही. पण देतो दीड महिन्याने. इतकी वर्षं मधला काळ बारामतीचा एक आडत्या सांभाळायचा. कागद नाही, सही नाही. तात्यांनी नुसतं दुकानात जाऊन बसायचं, आडत्या गल्ला उघडायचा. यंदा तो आडत्या वारला आणि मुलाने दुकान बंद करून तिथे मोबाईलचं काढलं. मका गेला होता, बिल झालं होतं, आणि शहाजीला कांद्याची रोपं उचलायची होती. रोपं तयार होती. फार दिवस थांबणारी नव्हती. बाहेरगावचा एक व्यापारी गावात रोख पैसे घेऊन फिरत होता. तात्यांचा शब्द यंदा मोडला, तर पुढल्या वर्षी त्यांच्या काट्यावर कुणी पोतं आणलं नसतं.

"तात्या," मंगल म्हणाली, "कारखान्याचं बिल माझ्याकडं द्या. उद्या पैसे येतील."

"तुज्याकडं कशाला? मी काय भीक मागतोय?"

"तुमच्याच मक्याचे पैसे आहेत. फक्त आधी मिळतील."

"आन मंग कापून का घेत्यात?"

"आडत्या कापत नव्हता?"

"कापायचा. पर मला इचारायचा, तात्या, पोरं कशी हायती. तुजी कंपनी इचारंल का?"

मंगल म्हणाली, "विचारेल. व्हिडिओवर विचारेल."

हे ती चेष्टेत म्हणाली होती. पण शहाजीने कप खाली ठेवला, "चला, येतो," म्हणाला आणि उठला. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो दारापर्यंत पोहोचला तेव्हा तात्या म्हणाले, "थांब रं. मंगले, काड तुजा फोन."

भरावावर

शेडमध्ये व्हिडिओ चालेल एवढी रेंज नव्हती. ती गावाबाहेर कालव्याच्या भरावावर मिळते, असं काकी म्हणाल्या. गावातली सगळी लग्नं हल्ली तिथूनच जुळतात म्हणे. म्हणून आमची वरात निघाली: पुढे तात्या, मागे मंगल, मी, काकी आणि 'मी कशाला' म्हणत म्हणत शहाजी.

बिल चढवणं, कारखान्याची कबुली, हे सगळं झटपट झालं. राहिली ती ओळखीची पडताळणी. फोन वाजला आणि पडद्यावर एक मुलगी आली. कानाला हेडफोन, मागे पांढरी भिंत. बोलण्यावरून विदर्भाकडची.

"नमस्कार काका. तुमचं पूर्ण नाव सांगा."

तात्यांनी भरावावरून वालचंदनगरपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.

"काका, मागे कोण दिसून राहिलं? शेजारी कोणी नको."

आम्ही बाजूला झालो. तात्यांनी कार्ड दाखवलं, पापण्या मिटल्या, उघडल्या, मान इकडे केली, तिकडे केली. मध्येच त्यांनी विचारलं, "पोरी, तू कुठली गं?"

"ते नाही सांगता येत काका, कॉल रेकॉर्ड होऊन राहिला. काका, आता टोपी काढा."

तात्यांनी टोपी आणखी घट्ट बसवली.

"काका, ऐकू आलं का? कपाळावर सावली येऊन राहिली. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे."

तात्यांनी टोपी बोटभर मागे सारली.

"नाही काका. काढावी लागते."

तात्यांनी फोन उलटा करून छातीशी धरला आणि मंगलकडे वळले. एरवी न हलणारा चेहरा आता चांगलाच हलला होता. "हे तू सांगितलं न्हवतंस."

"तात्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"देवापुढं काडतो. कुणी गेलं तर काडतो. पैशासाठी डोस्कं उगडं करायचं? आडत्यापुढं कदी केलं न्हाय. बापानं सावकारापुढं केलं न्हाय."

मंगलने मला खुणावलं, की तू सांग. मी काय सांगणार? मी आयुष्यात टोपी घातलेली नाही. पण दुकानदारांना फोन करताना माझाही आवाज बारीक होतो, आणि माझेच पैसे मागताना मी 'जमलं तर बघा' असं म्हणते. डोकं उघडं करण्याचे पुष्कळ प्रकार असतात. तिथे भरावावर मला ते नीट शब्दांत सांगता आलं नाही.

तेवढ्यात शहाजी पुढे झाला. इतक्या दिवसांत पैशाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला.

"तात्या, न्हाय काडली तरी चालतंय. मी थांबतो. रोपं काय, फुडल्या वर्षी लावू."

आग्रह, हट्ट, हिशेब यांतल्या कशानेही जे झालं नसतं, ते त्या वाक्याने झालं. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पाठी करा."

"काय?"

"तिकडं त्वांड करा समद्यांनी. पारू, तू बी."

आम्ही वळलो. मंगल, मी, शहाजी आणि ज्यांनी त्या माणसाबरोबर अख्खा संसार केला त्या काकीसुद्धा. समोर उसाला तुरे आले होते आणि वाऱ्यावर सगळे एका बाजूला झुकत होते. कालव्यातून पाणी चाललं होतं. काकींनी पदर तोंडाशी धरला होता. त्या हसत होत्या की काय ते मला कळलं नाही, आणि मी वळून बघितलं नाही.

मागून आवाज येत होते.

"हां, आता बरोबर काका. अजून जरा वर धरा. झालं. आता शेवटचा प्रश्न. हे पैसे तुम्ही कोणाच्या दबावाखाली तर घेऊन नाही राहिले ना?"

"दबाव हाय की. हितं चार मान्सं पाठ करून हुबी हायती."

मंगलने कपाळावर हात मारला.

"काका, फक्त हो किंवा नाही सांगा."

"न्हाय."

"धन्यवाद काका. तुमची पडताळणी पूर्ण झाली." मग थोडं थांबून ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "टोपी घाला आता काका. ऊन आहे तिथे."

हे वाक्य तिला कंपनीने दिलेल्या वाक्यांतलं नव्हतं, एवढं मला पाठमोरं असूनही समजलं.

निघताना

रात्री आम्ही कळंबलाच राहिलो. पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तात्यांनी ते शहाजीच्या खात्यात मंगलकडून वळते करून घेतले, तेव्हा शहाजी हजरच होता. फोन वाजला, त्याने बघितलं, खिशात ठेवला आणि चहा पूर्ण केला. मग घाईने रोपं आणायला गेला. जाताना त्याने तात्यांना एवढंच विचारलं, की फुडल्या टायमाला मका कधी आणू.

मीही घरी आल्यावर तोच अर्ज भरला. मला चष्मा काढायला सांगितला, आणि काढल्यावर समोर मुलगा आहे की मुलगी हेच दिसेना. मी दोघांना चालेल असं 'धन्यवाद' म्हटलं. आकार कापला गेला. रातांबेवाल्याचा हात मात्र या वर्षी जरा उशिराने मागे गेला, कारण तो पैसे मोजत होता.

त्या सकाळी कळंबहून निघताना तात्या गाडीपर्यंत आले. एक पिशवीभर पेरू दिले, आणि मंगलला बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "त्या पोरीला काय धाडता यील का? पेरू, न्हायतर पोतंभर मका?"

"तात्या, त्यांचा पत्ता देत नाहीत."

"नाव?"

"नावही नाही देत."



"ह्यो कसला धंदा, मंगले," ते म्हणाले. "पारूनं सुदिक कदी दिवसाउजेडी धड बगितलं न्हाय, आन तिनं माजं डोस्कं बगितलं. आन मला तिचं गाव बी म्हाईत न्हाय."